प्लेटलेट्सची पिशवी बर्फात ठेवली तर काय होतं?

प्रश्न : डॉक्टर, भाच्याला डेंग्यू झाला, काउंट ९ हजारावर आला आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तो वाशीला अ‍ॅडमिट, प्लेटलेट्स मिळाल्या ठाण्यात. रक्त म्हणजे थंडच ठेवायचं असं समजून मी थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून चार पिशव्या नेल्या, कळवा नाक्यावरच अर्धा तास अडकलो. वॉर्डातल्या सिस्टरने पिशवीला हात लावला आणि सगळ्या परत केल्या. गार झाल्या तर एवढं काय बिघडतं? आणि एसडीपी (एकाच दात्याच्या प्लेटलेट्स) जास्त चांगल्या का?
– एक मामा, ऐरोली

उत्तर : दादा, आधी ते मनाला लावून घेणं सोडा, पिशवी हातात देतानाच ब्लड बँकेने तुम्हाला हे सांगायला हवं होतं, आणि मला खरंच वाईट वाटतं की बऱ्याच ठिकाणी सांगत नाहीत. लाल रक्त फ्रिजमध्ये २ ते ६ डिग्रीला ठेवतात म्हणून सगळ्यांचा असाच समज होतो, पण प्लेटलेट्सना २० ते २४ डिग्रीच लागते. एरवी त्या चपट्या, थाळीसारख्या असतात. गारठल्या की गोल होतात, त्यांना काटे फुटतात, वरच्या आवरणातही बदल होतो, मग रुग्णाला चढवल्या तरी यकृत त्यांना पटापट रक्तातून काढून टाकतं आणि काउंट काही टिकत नाही.

ब्लड बँकेत त्या अ‍ॅजिटेटरवर ठेवतात, म्हणजे सतत हळूहळू हलणारे ट्रे. पिशवीचं प्लास्टिकही खास असतं, त्यातून ऑक्सिजन आत जातो, पण पिशवी बराच वेळ नुसती पडून राहिली तर तो सगळ्या पेशींना पुरत नाही, लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं, पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.२ च्या खाली गेला की माल गेलाच समजा. रस्त्यातल्या तास-दोन तासांनी तसं होत नाही, त्यामुळे ट्रॅफिकची धास्ती घेऊ नका, फक्त बर्फ नको आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. मुळात तयारीतही जपावं लागतं, दात्याचं रक्त प्लेटलेट्स वेगळ्या करेपर्यंत फ्रिजमध्ये टाकायचं नाही आणि सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे रक्त गरागरा फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रातून काढलेली पिशवी तासभर तशीच निवांत ठेवायची, म्हणजे गुठळ्या सुटतात.

चांगली पिशवी ओळखायची तर ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच फिरवा, पिवळसर पाण्यात रेशमासारख्या चमकदार लाटा फिरताना दिसतात, कारण थाळीसारख्या पेशींवरून उजेड परावर्तित होतो. गोल झालेल्या पेशींत ती चमक नसते, सगळं नुसतं गढूळ दिसतं. सिस्टरने हात लावला तेव्हा गारवाच कळला असणार, त्यांनी योग्यच केलं.

उबेत ठेवायचं म्हणजे जंतू वाढायची भीती आलीच, म्हणून मुदत फक्त ५ दिवस.

एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर घेतलेल्या प्लेटलेट्स, एका पिशवीत साध्या, म्हणजे एकेका दात्याच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या, पाच-सहा पिशव्यांएवढ्या. रुग्णाचा एकाच दात्याशी संबंध येतो हा फायदा आहेच, पण साध्या पिशव्या नीट ठेवलेल्या असतील तर त्याही चालतात, एसडीपी मिळेना म्हणून थांबू नका. आणि भाच्यासाठी कुणी प्लेटलेट्स द्यायला येणार असेल तर ३ दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतली नाही ना, एवढं विचारून घ्या.