वाचकांचे प्रश्न : मार्सियानोनं खरंच म्हातारेच पाडले का?

प्रश्न : आमच्या तालमीत बॉक्सिंगवरनं वाद लागलाय. ४९ लढती आणि ४९ विजय, म्हणजे हेवीवेटमध्ये (सगळ्यांत वरच्या वजनगटात) १९५० च्या दशकातला अमेरिकी विजेता रॉकी मार्सियानोच सगळ्यांत मोठा, असं पोरांचं म्हणणं. वस्ताद म्हणतात, त्यानं उतारवयातले गडी पाडले, त्यात विशेष काय? खरं कोणाचं?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : वस्तादांचं म्हणणं एका लढतीपुरतं पुरतं खरं आहे. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी मार्सियानोनं माजी जगज्जेत्या जो लुईला आठव्या फेरीत दोरांबाहेर घालवलं, तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता आणि निवृत्ती मोडून परतला होता. मार्सियानोचं मोठेपण मोजताना ही लढत बाजूला ठेवावी.

बाकीच्यांना मात्र हाच न्याय लावता येत नाही. जर्सी जो वॉल्कॉट ३८ वर्षांचा होता, पण चालू विजेता होता. आदल्या वर्षी एझर्ड चार्ल्सला सातव्या फेरीत नॉकआउट करून त्यानं किताब घेतला होता. २३ सप्टेंबर १९५२ ला फिलाडेल्फियात त्यानं मार्सियानोला पहिल्याच फेरीत खाली पाडलं. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर वॉल्कॉट पुढे होता. तेराव्या फेरीत दोघांनी जवळजवळ एकदमच उजवा हात टाकला. मार्सियानोचा आखूड ठोसा आधी पोचला आणि वॉल्कॉट दोरावर लोंबकळला.

पोरांनी इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी किताबाची लढत १५ फेऱ्यांची असे, आता ती १२ची असते. आजच्या नियमानं तो किताब वॉल्कॉटकडेच राहिला असता. अर्थात १२च फेऱ्या आहेत हे माहीत असतं, तर मार्सियानोनं जोर आधीच लावला असता. त्यामुळे एवढ्यावरून त्याला खाली ओढणं आम्हांला पटत नाही.

चार्ल्स १९५४ च्या जूनमध्ये ३२ वर्षांचा होता. त्याला म्हातारा कोण म्हणेल? मार्सियानोसमोर १५ फेऱ्या उभा राहिलेला तो एकटा. सप्टेंबरच्या दुसऱ्या लढतीत मार्सियानोची नाकपुडी अशी फाटली की लढत थांबवण्याची वेळ आली होती. त्यानं आठव्या फेरीत निकाल लावला. वयाचा मुद्दा पुन्हा लागू होतो तो १९५५ मध्ये आर्ची मूरला. पण मूर तेव्हाही लाइट हेवीवेटचा (हेवीवेटच्या खालच्या वजनगटाचा) विजेता होता आणि दुसऱ्या फेरीत त्यानं मार्सियानोला पाडलं होतं.

मार्सियानोची खरी उणीव शरीरात होती. वजन साधारण ८४ किलो, हातांचा पल्ला जेमतेम १७३ सेंटिमीटर. आज ९०.७ किलोपर्यंतचे बॉक्सर क्रूझरवेटमध्ये लढतात, म्हणजे तो हेवीवेटमध्ये आलाच नसता. ताठ उभा राहिला असता तर समोरच्याच्या जॅबनं, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशानं, तोंड फुटलं असतं. म्हणून प्रशिक्षक चार्ली गोल्डमननं त्याला गुडघ्यात वाकून, डोकं खाली ठेवून आत शिरायला लावलं. आत गेल्यावर तो तोंडच शोधत बसत नसे. दंड, खांदे, बरगड्या, जे समोर येईल त्यावर मारायचा. दंड बधिर झाले की दहाव्या फेरीपर्यंत समोरच्याचा गार्ड, म्हणजे बचावाला वर धरलेले हात, आपोआप खाली येतो. यासाठी दम लागतो, आणि त्या काळात त्याच्याएवढा दम कोणाकडे नव्हता.

आमचा कौल असा : पहिल्या दहांत नक्की, पहिल्या तिघांत नाही. जत्रेच्या फडात जोड लावताना वजन बघतात, तसं बघितलं तर नंतरचे हेवीवेट विजेते सनी लिस्टन किंवा मुहम्मद अली यांच्याशी त्याची जोड बसत नाही. स्वतःच्या वजनाच्या गड्यांत मात्र आम्ही त्याच्यावर कोणालाही ठेवणार नाही.

प्रश्न : जुन्या लढतीची फिल्म बघून स्वतः गुण कसे द्यावेत?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : अख्खी लढत मिळवा. निवडक तुकड्यांत फक्त नॉकआउट दिसतात आणि हरलेल्या फेऱ्या गाळलेल्या असतात. समालोचन बंद करा, नाहीतर कान डोळ्यांना ओढतात. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. एकदा खाली गेला तर सहसा ८. प्रत्येक फेरीनंतर लगेच लिहा, शेवटी आठवून लिहिलं की शेवटच्या फेऱ्याच मनावर बसलेल्या असतात. हातमोज्यावर किंवा कोपरावर अडलेला ठोसा धरू नका. मार्सियानोच्या बाबतीत इथंच घोळ होतो, कारण त्याचे बरेच ठोसे दंडावर लागतात : गुण मिळत नाहीत, पण इजा होते. म्हणून त्याच्या लढतीत दुसरा रकाना आखा आणि समोरच्याचा डावा हात कोणत्या फेरीपासून खाली यायला लागला ते नोंदवा. जून १९५४ ची चार्ल्सची लढत यासाठी सगळ्यांत चांगली.

प्रश्न : मार्सियानो कधी हरता हरता वाचला का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : हो, मार्च १९५० मध्ये रोलंड लास्टार्झाविरुद्ध. एका पंचानं ५-४ लास्टार्झाला दिलं, दुसऱ्यानं ५-४ मार्सियानोला. रेफरीनं फेऱ्या ५-५ धरल्या, आणि फेऱ्या समान झाल्यावर बघायच्या पुरवणी गुणांवर मार्सियानो सुटला. १९५३ मध्ये किताबासाठी दोघं पुन्हा भिडले. अकराव्या फेरीत लढत थांबवावी लागली, आणि या वेळी पंचांच्या कागदाची गरजच पडली नाही.