टॅक्रो चालू असताना कोविडची गोळी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी जाता जाता लिहिलं होतं की ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला कोविड झाला तर आधी ट्रान्सप्लांट टीमला फोन करा. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की यावेळी डायबेटिसचे प्रश्न मागे ठेवलेत, त्या मंडळींनी राग मानू नये.

प्रश्न : माझ्या भावाची किडनी ट्रान्सप्लांट होऊन तीन वर्षं झाली. परवा घसा धरला, काल कोविड टेस्ट पॉझिटिव्ह आली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पॅक्सलोविड लिहून दिली, पण मेडिकलवाला म्हणाला टॅक्रोलिमस (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून घ्यायची गोळी, बोलताना टॅक्रो) चालू असेल तर आधी विचारून घ्या. गोळ्या घरात येऊन पडल्यात. लवकर सुरू केल्या तरच उपयोग होतो असं वाचलंय, मग सुरू करू का?

या ताईंना मी सरळ फोनच केला, अंक छापून येईपर्यंत थांबण्यातला हा प्रश्न नव्हता. आणि त्या मेडिकलवाल्याला माझा नमस्कार, त्याने मोठी आफत टाळली.

त्या पाकिटात दोन औषधं असतात. निर्माट्रेल्विर व्हायरसला थांबवतं. दुसरं रिटोनाविर, ते कोविडच्या व्हायरसचं काहीच वाकडं करत नाही, त्याचं काम एवढंच की लिव्हरमधलं एक एन्झाइम अडवून धरायचं, म्हणजे निर्माट्रेल्विर शरीरात जास्त वेळ टिकतं. आता गोची अशी की टॅक्रोलिमससुद्धा त्याच एन्झाइमने मोडतं. दोन्ही एकत्र चालू ठेवलं तर दोन-तीन दिवसांत टॅक्रोची रक्तातली लेव्हल कितीतरी पटीने चढते, हात थरथरतात, डोकं दुखतं, पोटॅशियम वाढतं, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढतं, म्हणजे जी किडनी इतकी जपली तिलाच मार बसतो.

मग पॅक्सलोविड देतच नाहीत का? देतात, पण टॅक्रो थांबवून. साधारण पद्धत अशी की टॅक्रोच्या शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी पॅक्सलोविड सुरू करायची आणि ते पाच दिवस टॅक्रो द्यायचं नाही. ऐकून घरच्यांच्या पोटात गोळा येतो, पाच दिवस टॅक्रो नाही म्हणजे रिजेक्शनच की, शरीर नवी किडनी नाकारणारच! पण मोरी तुंबलेली असली की नळ बंद केला तरी पाणी खाली जात नाही, तसंच हे, मोडणारं एन्झाइमच बंद असल्यामुळे आधीचं टॅक्रो रक्तात रेंगाळत राहतं. कोर्स संपला तरी ही मोरी लगेच मोकळी होत नाही, दोन-तीन दिवस जातात, म्हणून सहाव्या-सातव्या दिवशी लेव्हल बघून मगच टॅक्रो परत सुरू करतात, नुसत्या कॅलेंडरवर जाऊन नाही. टॅक्रोसारखंच काम करणारं सिरोलिमस, एव्हरोलिमस असेल तर तेही थांबवतात. सायक्लोस्पोरिन असेल तर पूर्ण बंद न करता साधारण पाचव्या हिश्श्यावर आणतात. पॅक्सलोविडचा स्वतःचा डोससुद्धा किडनी किती चालतेय त्यावर कमी करावा लागतो. एवढ्या सगळ्या जर-तर असल्यावर हे घरी बसून ठरवायचं काम नाही, आणि फॅमिली डॉक्टरांनी एकट्याने ठरवायचंही नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सगळं एका साध्या प्रश्नावर अडतं, टॅक्रो लेव्हलचा रिपोर्ट तुमच्याकडे किती वेळात येतो? एका दिवसात येत असेल तर पॅक्सलोविडचा विचार करता येतो. नसेल तर रेमडेसिविर हे व्हायरसवरचं दुसरं औषध बरं. ते शिरेतून द्यावं लागतं, पहिल्या दिवशी २०० मिलीग्रॅम, मग दोन दिवस १००-१००, लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत, आणि टॅक्रोशी त्याची भांडणं नाहीत. जास्त धोका असलेल्या पण लस न घेतलेल्या लोकांवर या तीन दिवसांच्या कोर्सचा अभ्यास झाला होता, त्यात हॉस्पिटलात भरती होणं किंवा मृत्यू ८७ टक्क्यांनी कमी झाले. पूर्वी किडनी कमजोर असली की रेमडेसिविर द्यायला कचरायचे, २०२३ मध्ये औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने डायलिसिसवरच्या पेशंटनाही डोस न बदलता द्यायला परवानगी दिली. तीन दिवस सुई टोचून घ्यायचा कंटाळा येतो हे मान्य. मोल्नुपिराविर ही तिसरी पसंती, टॅक्रोशी जमतं पण असर कमी, आणि गरोदरपणात टाळतात.

उशिराची भीती मात्र खरी आहे, पॅक्सलोविड लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू व्हायला लागते. पण पाच दिवसांत एक फोन नक्कीच बसतो. या ताईंच्या भावाच्या टीमने शेवटी रेमडेसिविर दिलं, कारण त्यांच्याकडे टॅक्रोचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागतात.

प्रश्न : आईची लिव्हर ट्रान्सप्लांट झालीये, तिला कोविड झालाय, ताप आणि खोकला आहे, ऑक्सिजन ९७. मामा म्हणतात इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या आठवडाभर सगळ्या बंद कर म्हणजे शरीर लढेल. पटतंय पण भीती वाटते.

मामांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त धोक्याचं आहे. काही गोळ्या खरंच कमी करतात, पण कोणती आणि किती हे आजार किती जोरात आहे त्यावर ठरतं. पहिला नंबर मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिनचा, कारण ती लिम्फोसाइट पेशींना वाढू देत नाहीत आणि व्हायरसशी लढायला त्याच पेशी लागतात. सौम्य आजारात कधी ती अर्ध्यावर आणतात, कधी काहीच बदलत नाहीत, ऑक्सिजन लागला तर बंद करतात. पॅक्सलोविड द्यायची नसेल तर टॅक्रो बहुतेक वेळा चालूच राहतं, लेव्हल बघून.

स्टेरॉइड मात्र, म्हणजे प्रेडनिसोलोन, घरच्या घरी एकदम बंद करायचं नाही म्हणजे नाही. महिनोन् महिने बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर अंगातलं स्टेरॉइड बनवणाऱ्या आपल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावलेल्या असतात, ऐन आजारपणात पुरवठा तोडला तर बीपी धाडकन खाली येतं. उलट ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटला हॉस्पिटलात डेक्सामेथासोन ६ मिलीग्रॅम दहा दिवसांपर्यंत देतात, ते २०२० च्या ‘रिकव्हरी’ नावाच्या ब्रिटनमधल्या ट्रायलमधून आलंय. त्याच ट्रायलमध्ये ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही, तेव्हा ९७ वर असलेल्या आईंना कोणाच्या सांगण्यावरून डेक्सा सुरू करू नका. घरी ऑक्सिमीटर लावून बघत राहा, ९४ च्या खाली गेला किंवा धाप लागली तर लगेच निघा.

अजून एक, गोळी थांबवल्याची तारीख सगळ्यांच्या लक्षात राहते, परत सुरू करायची तारीख कोणीच लिहून ठेवत नाही. कोविड बरा झाला, सगळे खुशीत, आणि मायकोफेनोलेट महिनाभर बंदच राहिलं, मग लिव्हरचे रिपोर्ट बिघडल्यावर धावाधाव. टीमने काही थांबवलं तर त्याच फोनवर विचारा, परत कधी? आणि मामांनी इम्युनिटी बूस्टरचा डबा पाठवला तर तो न उघडता ठेवा, सेंट जॉन्स वर्टसारख्या वनस्पतीने टॅक्रोची लेव्हल पार खाली येते.

प्रश्न : लसीचे चार डोस झाले, अँटीबॉडी टेस्ट केली तर जवळजवळ शून्य. मग लस घेऊन काय मिळवलं?

तुमची चिडचिड समजते. २०२१ मध्ये अमेरिकेत ट्रान्सप्लांटच्या पेशंटवर बघितलं तेव्हा पहिल्या डोसनंतर १७ टक्के लोकांतच अँटीबॉडी दिसल्या, दुसऱ्यानंतर ५४. फ्रान्समध्ये तिसऱ्या डोसनंतर आकडा ४० वरून ६८ वर गेला, म्हणजे डोस वाढले तसे लोक वाढले पण सगळे नाही आले, आणि मायकोफेनोलेट किंवा बेलाटासेप्ट (इम्युनिटी दाबणारं, शिरेतून द्यायचं औषध) घेणाऱ्यांत जास्त जण मागे राहतात. शून्य अँटीबॉडी म्हणजे शून्य संरक्षण असंही नाही, व्हायरसशी लढणाऱ्या टी पेशींचं काम या टेस्टमध्ये दिसतच नाही. म्हणून मी ती टेस्ट सहसा करायला सांगत नाही, आकडा कमी आला तर माणूस खचतो, जास्त आला तर मास्क काढतो. तुमच्याबरोबर राहणाऱ्या सगळ्यांनी लस घेतलीये का ते आधी बघा.

प्रश्न : अठरा दिवस झाले, बरं वाटतंय पण टेस्ट अजून पॉझिटिव्ह. घरच्यांत मिसळू का?

इम्युनिटी दाबलेली असली की जिवंत व्हायरस जास्त दिवस बाहेर पडू शकतो, बाकीच्यांचे पाच-दहा दिवस तुम्हाला लागू नाहीत. साधारण वीस दिवस धरा, आणि चोवीस तासांहून जास्त अंतराने केलेल्या दोन टेस्ट निगेटिव्ह आल्या की मिसळा. मध्येच ताप परत आला तर कोविडच असेल असं धरून बसू नका, सीएमव्ही (इम्युनिटी दाबलेली असली की डोकं वर काढणारा दुसरा व्हायरस) किंवा दुसरा न्यूमोनियाही असू शकतो.

प्रश्न : कोविडमध्ये जुलाब लागलेत, अंगही दुखतंय. साधी औषधं चालतील ना?

जुलाबात टॅक्रोची लेव्हल कमी होईल असं वाटतं, होतं उलटं, बऱ्याचदा वाढते, त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं, म्हणजे किडनीवर दोन्हीकडून ताण. दोन दिवसांत थांबले नाहीत तर लेव्हल आणि क्रिएटिनिन करून घ्या, सकाळचा डोस घ्यायच्या आधी रक्त द्या. अंगदुखीला पॅरासिटामोल चालेल, लिव्हर ट्रान्सप्लांट असेल तर किती ते विचारून. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, आणि त्या बऱ्याचदा ‘अंगदुखीची गोळी’ म्हणून दुसऱ्याच नावाने घरात असतात, तेव्हा स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा.