आरएक्स-७ घेतोयस? आधी एवढं बघ

अरे मस्तच, माझदाच्या या स्पोर्ट्स कारचं एफडी मॉडेल (१९९१ ते २००२ वालं) घे, पण बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवायचं खूळ सध्या डोक्यातून काढ.

आधी कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिन आत किती दाब धरतं ते बघायची), तीही रोटरीच्या टेस्टरनेच, कारण हिच्या रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. साधा गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचाच आकडा दाखवतो, एक एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) गेलेलं असलं तरी पत्ता लागत नाही.

ऑइल खाते म्हणून घाबरू नको, सीलला वंगण मिळावं म्हणून ती मुद्दामच थोडं जाळते, फक्त पेट्रोल भरताना डिपस्टिक बघत जा.

नवीन लोकं हमखास करतात ती चूक म्हणजे थंड गाडी चालू करून दोन फूट सरकवायची आणि लगेच बंद, मग आत पेट्रोल साचतं, प्लग ओले होतात आणि बस स्टार्टर मारत.

आणि १.३ लिटरचं इंजिन बघून ॲव्हरेजची स्वप्नं बघू नकोस 😄