पहिला मुक्काम शार्त्रला करा

प्रश्न: मे महिन्यात आम्ही चौघे पॅरिसला उतरून भाड्याच्या गाडीने लवार नदीकाठचे राजवाडे बघणार आहोत. पहिल्याच दिवशी त्यातला शांबोरचा राजवाडा गाठावा का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: नका गाठू, दादा. रात्रभर विमानात अवघडलेल्या अंगाने उजव्या बाजूने गाडी चालवायची, हे सोपं नाही. मी सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या गर्दीत वाढलेली, पण तिथल्या पहिल्याच गोल चौकात माझे हात घामाने ओले झाले होते. वर गावातल्या पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ही सवय व्हायला वेळ लागतो.

त्यापेक्षा पहिला मुक्काम शार्त्र या गावी करा. पॅरिसपासून ते साधारण ९० किलोमीटर, म्हणजे सोलापूर-पंढरपूर अंतरापेक्षा थोडं जास्त. वाटेत बोसचं पठार लागतं, मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या शिवारासारखं सपाट, फक्त गव्हाचं. त्या हिरव्या रानावर अचानक शार्त्रच्या चर्चचे दोन मनोरे दिसतात, एक उंच, एक बुटका. मी गाडी कडेला घेऊन बघतच राहिले. ११९४च्या आगीनंतर हे चर्च नव्याने उभं राहिलं. आतल्या काचांचा निळा रंग दुपारच्या उन्हात जरूर बघा.

जेवण बारा ते दोनमध्येच उरका, नंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात. आमच्या कडक भाकरी अन् शेंगाचटणीने तेव्हा तारलं. पेढे मात्र नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून तिथे न्यायला बंदी आहे. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना आणि मूळ लायसन्स, दोन्ही जवळ ठेवा.