‘प्रेझेंटली’ म्हणजे नेमके केव्हा?

एका इंग्रजी प्रवासवर्णनाचा अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारले आहे, की ‘प्रेझेंटली’ या शब्दासाठी मराठीत कोणता शब्द योजावा. त्यांच्या हाती असलेले मूळ लेखन एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज प्रवाशाचे असून प्रस्तावना अलीकडच्या एका अमेरिकी संपादकाची आहे. पुस्तकाच्या आरंभी बायबलमधले वचन दिले आहे आणि त्यात येशूच्या शब्दासरशी अंजिराचे झाड ‘प्रेझेंटली’ वाळते. पुढे एका वाड्याच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशाला नोकर सांगतो, की मालक ‘प्रेझेंटली’ येतील. प्रस्तावनेत मात्र मूळ हस्तलिखित ‘प्रेझेंटली’ एका खाजगी संग्रहात असल्याचे म्हटले आहे. कोशात ‘सध्या’ आणि ‘लवकरच’ असे दोनच अर्थ मिळाले. पण झाड ‘लवकरच’ वाळले म्हटले, तर त्या प्रसंगातले आश्चर्यच नाहीसे होते, अशी त्यांची अडचण आहे.

अडचण अगदी रास्त आहे. या तीन वाक्यांत शब्द एकच असला तरी अर्थ तीन आहेत: झाडाच्या वाक्यात ‘तत्क्षणी’, नोकराच्या तोंडी ‘थोड्या वेळात’ आणि संपादकाच्या लेखणीत ‘सध्या’. कोणता अर्थ घ्यायचा हे ठरवताना वाक्य कोणत्या काळातले आणि कोणत्या मुलखातले आहे, हे आधी पाहावे लागते.

झाडाचे वचन 1611 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमधले आहे. त्या काळी ‘प्रेझेंटली’ म्हणजे जागच्या जागी, मध्ये क्षणही न जाऊ देता. येशूची कथा सांगणारा बायबलचा भाग, म्हणजे नवा करार, मुळात ग्रीकमध्ये आहे, आणि तिथल्या शब्दाचा अर्थही तसाच आहे. पुढे 1881 साली नव्या कराराची सुधारित इंग्रजी आवृत्ती निघाली, तेव्हा संपादकांनी तेथे ‘इमिजिएटली’, म्हणजे ‘ताबडतोब’, हा शब्द घातला, कारण मधल्या पावणेतीनशे वर्षांत जुना शब्द सैल पडला होता.

याच दोन आवृत्त्यांतले आणखी एक स्थळ शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे. हेरोद राजाच्या वाढदिवशी हेरोदियेची मुलगी नाचते, राजा खूश होऊन मागशील ते देतो म्हणतो, मुलगी आईकडे जाऊन विचारते आणि लगबगीने परत येऊन बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे शिर तबकात घालून ‘बाय अँड बाय’ द्यावे, असे मागते. आजच्या वाचकाला ‘बाय अँड बाय’ म्हणजे सावकाश, यथावकाश असेच वाटणार, आणि मग ती धावत का आली, हे कळेनासे होते. हा प्रसंग नव्या करारातल्या मार्कच्या पुस्तकात आहे. तिथल्या ग्रीक वचनात ‘त्याच घटकेला’ अशा अर्थाचा शब्द आहे, आणि 1611 च्या भाषांतरकारांनी तो अगदी बरोबर उतरवला होता, कारण तेव्हा ‘बाय अँड बाय’चा अर्थ ‘ताबडतोब’ असाही होता. 1881 च्या आवृत्तीत त्याजागी ‘फोर्थविथ’, म्हणजे ‘तत्काळ’, आला. भाषांतर चुकले नव्हते. त्यातला शब्दच नंतर ढिला झाला. हे उदाहरण प्रत्येक अनुवादकाने जवळ ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

ही गत एकट्यादुकट्या शब्दाची नाही. ज्या ‘सून’ला आपण शाळेपासून ‘लवकर’ म्हणून ओळखतो, तो जुन्या इंग्रजीत ‘सोना’ असा होता आणि त्याचा अर्थ होता ‘तत्काळ’. ‘अनॉन’ हा शब्द ‘एकात’, म्हणजे एका दमात, अशा अर्थाच्या दोन जुन्या शब्दांचा जोड आहे; तोही आधी ‘ताबडतोब’ होता आणि मग ‘आलोच, थांबा जरा’ झाला. शेक्सपिअरच्या चौथ्या हेन्रीवरील नाटकाच्या पहिल्या भागात हे घसरणे डोळ्यांसमोर घडते. मद्यालयात राजपुत्र फ्रान्सिस नावाच्या पोऱ्याला बोलण्यात गुंतवून ठेवतो, पलीकडच्या खोलीतून राजपुत्राचा सोबती त्याला हाका मारत राहतो, आणि प्रत्येक हाकेला फ्रान्सिस ‘अनॉन, अनॉन, सर!’ असे उत्तर देतो, पण जागचा हलत नाही. शेवटी दोघेही एकदम बोलावतात आणि कोणीकडे जावे हे न कळून तो नुसता उभा राहतो. तोंडातला शब्द तातडीचा आणि पाय मात्र तिथेच, असे दिवसातून शंभर वेळा घडू लागले, की ऐकणारा शब्दापेक्षा अनुभवावर विश्वास ठेवतो आणि शब्दाचा अर्थ अनुभवाच्या मागे सरकतो.

मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. उपाहारगृहात हाक मारली, की पोऱ्या ‘आलो, आलो साहेब!’ म्हणतो. आपण येथे क्रियाविशेषणसुद्धा वापरत नाही, थेट भूतकाळाचे रूप वापरतो. येणे अजून घडलेले नाही, तरी ते घडून गेल्यासारखे सांगितले, की याहून अधिक तातडी भाषेत मावणार नाही. तरीही ‘निघालोच’ असे फोनवर सांगणारा अजून पायात चपलाही न घालता बसलेला असू शकतो, हे आपण गृहीत धरतोच. म्हणूनच ‘अनॉन’साठी फ्रान्सिसच्या तोंडी मी दुसरे काही न घालता ‘आलो, आलो’ हेच घालीन.

आता मुलखाचा भाग. ‘प्रेझेंटली’चा ‘सध्या’ हा अर्थ पंधराव्या शतकापासूनचा आहे. इंग्लंडमधल्या लिहिण्यातून तो पुष्कळसा मागे पडला, पण स्कॉटलंडमध्ये टिकला आणि अमेरिकेत आज सर्रास चालतो. त्यामुळे अमेरिकी संपादकाचे वाक्य चुकीचे नाही. ‘मोमेंटरिली’चेही तसेच आहे. ब्रिटिश माणसाला त्यातून ‘क्षणभरापुरते’ असे ऐकू येते, अमेरिकी माणसाला ‘क्षणभरात’. विमान ‘मोमेंटरिली’ उतरणार आहे, अशी अमेरिकी घोषणा जुन्या वळणाच्या इंग्रज प्रवाशाला अस्वस्थ करते ती यामुळेच.

मी स्वतः यात एकदा फसलो होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका कार्यालयातून फोनवर उत्तर मिळाले, की कागद ‘जस्ट नाउ’ पाठवतो. मी जागेवरून उठलो नाही, जेवणाची सुट्टीही घेतली नाही. कागद संध्याकाळी आले आणि पाठवणाऱ्याला त्यात काही वावगे वाटले नव्हते, कारण तिकडच्या इंग्रजीत ‘जस्ट नाउ’ म्हणजे ‘नंतर, जमेल तसे’. त्याहून लवकर म्हणायचे असेल, तर ‘नाउ नाउ’ म्हणतात. याच्या मागे आफ्रिकान्स भाषेतला ‘नेटनाउ’ हा शब्द आहे, आणि तो नुकतेच घडून गेलेल्या आणि थोड्या वेळाने घडणाऱ्या, अशा दोन्ही गोष्टींना चालतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये ‘डायरेक्टली’ हा शब्द ‘ड्रेकली’ असा उच्चारतात, आणि ‘ड्रेकली करतो’ म्हणजे कधीतरी करीन, घाई करू नका.

‘नेटनाउ’चे दोन्हीकडे तोंड असणे पाहून आपल्याला आपला ‘इतक्यात’ आठवावा. ‘इतक्यात येईल’ हे पुढचे, ‘इतक्यात भेटला नाही’ हे मागचे, आणि ‘इतक्यात निघालात?’ यात तर काळापेक्षा आग्रह अधिक. ‘परवा’चेही असेच आहे. ‘परवा रस्त्यात भेटले होते’ असे म्हणताना कोणी दिवस मोजत नाही. इंग्रजीत नेमके याच जागी ‘द अदर डे’ येते. ‘अदर’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीत ‘दुसरा’ असा क्रमवाचक अर्थ होता. मोजणी गळून गेली आणि ‘मागे एकदा’ एवढेच उरले. ‘द अदर डे’चे ‘दुसऱ्या दिवशी’ असे भाषांतर छापलेले मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी वाईट वाटले आहे, कारण ‘परवा’सारखा तयार, घरचा शब्द हाताशी असताना तो कोणाला सुचला नाही.

मोजमापाचे शब्दही असेच विरघळतात. मध्ययुगीन युरोपात ‘मोमेंट’ हे माप होते. आठव्या शतकातल्या बीड या इंग्रज मठवासीच्या कालगणनेत एका तासाचे चाळीस मोमेंट होतात, म्हणजे एक मोमेंट आजच्या हिशेबाने नव्वद सेकंदांचा. आपली घटका चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचे. ‘घटकाभर टेका’ म्हणणाऱ्या आजीच्या मनात चोवीस मिनिटे नसतात, तरी ‘पळभर’ आणि ‘घटकाभर’ यांतले लहानमोठेपण मात्र तिच्या बोलण्यात अजून शाबूत असते. ‘फॉर अ मोमेंट’ला ‘पळभर’ आणि ‘फॉर अ व्हाइल’ला ‘घटकाभर’ असे मी याच आधारावर सुचवतो.

आता आपल्या तीन वाक्यांकडे. इंग्रजी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले किंवा त्याआधीचे असेल, तर ‘प्रेझेंटली’साठी ‘तत्क्षणी’ हा अर्थ आधी लावून पाहावा. म्हणून अंजिराचे झाड तत्क्षणी वाळले, असेच लिहावे. क्रियापद चालू वर्तमानातले आणि लेखक अमेरिकी किंवा स्कॉटिश असेल, तर बहुधा ‘सध्या’. हस्तलिखित सध्या खाजगी संग्रहात आहे, हे ठीक. नोकराच्या वाक्याला मात्र ‘लवकरच’ नको. ‘लवकरच’ हा शब्द जाहिरातीतला आणि निवेदनातला आहे, वाड्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडचा नाही. पाहुण्याला ताटकळत तर ठेवायचे आहे, पण तसे जाणवू द्यायचे नाही, असा तो प्रसंग आहे. तेथे मी लिहीन: ‘बसावं आपण. मालक येतीलच इतक्यात.’