व्हीआरएसचं नंतर बोलू, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न: वय 46. खोदाई यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात 19 वर्षं असेंब्ली सुपरवायझर आहे. ऑर्डरी आटल्यामुळे माणसं कमी करताहेत. व्हीआरएसचे (स्वेच्छानिवृत्तीचे) 28 लाख मिळतील. घ्यावी, की थांबावं? सहा महिन्यांत मंदी सरेल, मग अशाच कंपनीत लागेन. घरखर्च 45 हजार, गृहकर्जाचा हप्ता 18 हजार. बँकेतल्या मॅडमनी एफडी मोडून करमुक्त परताव्याची एन्डोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेली) पॉलिसी काढून दिली आहे. वर्षाला 6 लाख, 7 वर्षं. पुढचे हप्ते व्हीआरएसमधून भरेन. पॉलिसी गेल्या आठवड्यात हातात आली.

उत्तर: पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे किरकोळ पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. म्हणून उद्याच विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या, तारखेची पोच घ्या, ईमेलही टाका. बँकेतल्या मॅडमकडे जाऊ नका. तिथे "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत महिना उलटेल.

का, ते बघा. उरलेले सहा हप्ते म्हणजे 36 लाख. व्हीआरएसमधले 5 लाख करमुक्त, बाकीवर कर. हातात येतील साधारण 23 लाख. म्हणजे तुम्ही जेवढे मिळणार आहेत त्याहून जास्त देण्याचं कबूल करून बसलात, तेही पगार थांबत असताना! पुढचा हप्ता चुकला तर भरलेल्यातला मोठा हिस्सा बुडू शकतो. आणि 'करमुक्त' हे धडधडीत खोटं आहे. 1 एप्रिल 2023 पासूनच्या अशा पॉलिसीचा वार्षिक हप्ता 5 लाखांवर असेल, तर मुदतपूर्तीच्या नफ्यावर कर लागतो. पगार जाणार हे माहीत असताना तुम्हाला हे विकलं, याचा मला संताप येतो.

व्हीआरएस घ्या. कपातीच्या पुढच्या यादीत नाव आलं तर एवढी रक्कम मिळेलच असं नाही. पण सहा महिन्यांचा हिशेब सोडा. मंदीत कंत्राटदार जुनीच यंत्रं दुरुस्त करून चालवतात, डीलरकडचा साठा आधी खपतो, कारखान्याला ऑर्डर सर्वांत शेवटी येते. शिवाय तुमच्यासारखेच अनुभवी लोक एकाच वेळी बाजारात असतील.

दीड वर्षाचा खर्च, गृहकर्जाच्या हप्त्यासकट, म्हणजे साधारण साडेअकरा लाख, एफडीत वेगळा ठेवा. गृहकर्ज आत्ता फेडू नका. पगाराची स्लिप नसताना बँक पुन्हा कर्ज सहजासहजी देत नाही. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपेल. शेवटच्या दिवसाआधी तो त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळतो का, हे एचआरला लेखी विचारा.