मॅनहोलमधल्या नोकरीला हो म्हणावं का?

प्रश्न : मुलाचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय. भूमिगत केबलच्या अर्थिंग-बाँडिंगची, म्हणजे केबलचे धातूचे भाग जमिनीशी आणि एकमेकांशी जोडण्याची, नोकरी चालून आली आहे. मॅनहोलमध्ये उतरावं लागेल म्हणून माझा जीव घाबरतो. तो म्हणतो, केबल बंद करूनच काम करतात. यात पुढे काही वाव आहे का? – एक आई

उत्तर : ताई, वाव भरपूर आहे, पण तुमची भीतीही अनाठायी नाही. ‘बंद करूनच काम करतात’ एवढ्यावर त्याने विसंबू नये. बंद केबलमध्ये आधीचा चार्ज उरलेला असू शकतो. शेजारून दुसरी चालू केबल जात असेल तर बंद केबलच्या धातूच्या आवरणावर, म्हणजे शीथवर, व्होल्टेज चढतं. म्हणून आधी टेस्टिंग, मग अर्थ, आणि त्यानंतरच हात. शिडी, रॅक, झाकणाची चौकट आणि शीथचं अर्थिंग एकमेकांना जोडतात तेही यासाठीच : फॉल्ट झालाच तर माणसाच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत व्होल्टेजचा घातक फरक पडू नये.

या कामात डोकंही लागतं. शीथ दोन्ही टोकांना अर्थ केलं तर त्यातून करंट फिरत राहतो, केबल तापते आणि तिची क्षमता घटते. एकाच टोकाला केलं तर उघड्या टोकाशी व्होल्टेज साठतं, लांबी वाढेल तसं जास्त. त्यामुळे हाय व्होल्टेजच्या लांब लाइनचे तीन सारखे भाग पाडतात आणि लिंक बॉक्समध्ये, म्हणजे शीथच्या जोडण्यांच्या पेटीत, तिन्ही फेजची शीथ आलटूनपालटून जोडतात. त्यांच्या व्होल्टेजमध्ये १२० अंशांचं अंतर असल्याने बेरीज जवळपास शून्यावर येते. हे गणित ज्याला कळतं, तो टेस्टिंगकडे, डिझाइनकडे सरकतो. ज्याला कळत नाही, तो वर्षानुवर्षं बोल्टच आवळत बसतो. तुमचा मुलगा पहिल्या गटात जावा, असं मला मनापासून वाटतं.

मुलाखतीत त्याने बेधडक विचारावं : उतरण्याआधी गॅस कोण तपासतं? वर माणूस थांबतो का? अर्थ लावल्याची नोंद परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीवर, होते का? ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचंच नाही. उत्तरं टाळाटाळीची मिळाली तर पगार कितीही असो, नोकरी नाकारावी.

रुजू झाला तर सुरुवातीला अर्थ टेस्टर (अर्थिंगचा रोध मोजणारं यंत्र) वापरणं आणि लगची (वायरच्या टोकाला बसवून बोल्टने आवळायच्या धातूच्या तुकड्याची) जोडणी नीट शिकून घ्यावी. लगखालचा रंग खरवडला नसेल तर बोल्ट घट्ट दिसतो, पण जोड कच्चाच राहतो. असे जोड त्याने स्वतः मोजून पाहावेत.